वरच्याला खालच्याची गरज का पडावी?

कालव्यावर जमीन असलेल्या कुणालाही विचारा, शेतकरी दोनच प्रकारचे असतात: हेडचे, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडचे, आणि टेलचे, म्हणजे शेपटाकडचे. हेडच्याकडे पाणी आधी पोचतं. त्यानं रात्रीतून चारीला भोक पाडलं किंवा मंजुरीपेक्षा दोन एकर ऊस जास्त लावला, तरी त्याचं स्वतःचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खाली, आठ-दहा किलोमीटरवर. तिथला माणूस कोरड्या चारीत उभा राहून शाखा अभियंत्याला फोन लावतो. साहेब सांगतात, वरून पाणी सोडलंय. दोघंही खरंच बोलत असतात.

हे भांडण आपल्या इतकं ओळखीचं आहे की त्यातला मूळ प्रश्न आपण विचारतच नाही. हेडच्यानं पाणी खाली सोडावं तरी कशासाठी? माणुसकी म्हणून? एखाद्या वर्षी सोडेल. कायद्याच्या धाकानं? कालव्याच्या दर किलोमीटरला पोलीस ठेवता येत नाही. तरीही शेकडो वर्षं पाणी वाटून घेणारे समाज जगात आहेत. त्यांचे देव वेगळे, भाषा वेगळ्या, राज्यकर्ते तर कितीदा बदलले. तिथली माणसं आपल्यापेक्षा साधुसंत होती असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या व्यवस्थेत वरच्या माणसाला खालच्या माणसाची गरज पडत होती. ती कशी पडायची, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे आणि समजून घेण्यासारखं आहे.

आधी थोडा सिद्धांत

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यातला दाखला गायरानाचा. गवत सगळ्यांचं, जनावरं ज्याची त्याची. मी एक जनावर जादा सोडलं तर फायदा माझ्या घरात येतो आणि खाल्लेल्या गवताचा तोटा सगळ्या गावात विभागला जातो. प्रत्येकानं हाच हिशेब केला की गायरानाचं माळरान होतं. हार्डिनच्या मते वाटा दोनच: गायरान खासगी मालकीचं करा, नाहीतर सरकारनं त्यावर बंधनं घालावीत. सोसायटीचा मेंटेनन्स थकवून रोज लिफ्टनंच वर जाणारा गृहस्थ ज्यांच्या इमारतीत राहतो, त्यांना हा तर्क पटायला वेळ लागणार नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी वेगळं काम केलं: जगभरातली सामाईक कुरणं, जंगलं, मासेमारीच्या जागा आणि पाट प्रत्यक्षात कसे चालतात याच्या नोंदी गोळा केल्या. त्यात दिसलं की हार्डिन सांगत होते तसं काही ठिकाणी होतं आणि कित्येक ठिकाणी होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या त्योर्बेल या डोंगरी गावाचा १५१७ सालचा नियम त्यांनी दाखवला: हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडा. नियम इतका सोपा की शेजारी नुसता गोठ्यात डोकावला तरी हिशेब तपासू शकतो. या कामासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

हार्डिन यांचं गायरान हे कुणाचंच नसलेलं, मोकळं रान होतं. खरीखुरी सामाईक जमीन सहसा अशी बेवारस नसते. तिच्यावर कुणाचा हक्क आहे हे ठरलेलं असतं, राखण करणारा असतो आणि दंड ठरवणारे पंचही असतात.

खानदेशातला फड

याचा एक उत्तम नमुना आपल्याच घरात आहे आणि आपल्यालाच तो फारसा माहीत नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, तापीच्या खोऱ्यात, पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर तीनेकशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्याच्या एका अंगानं निघणारा पाट. पाटाखाली भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार मोठे भाग केलेले, त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकाच प्रकारचं पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस असेल तर शेजारच्या फडात गहू-हरभरा, आणि पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलायची.

आता यातली खुबी बघा. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. एकाच माणसाचा एक तुकडा पाटाच्या तोंडाशी, दुसरा मधे, तिसरा शेपटाला. म्हणजे हेडचा आणि टेलचा अशी दोन वेगळी माणसं उरतच नाहीत! वर जास्त पाणी घेतलं तर खालचा स्वतःचाच तुकडा वाळतो. जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेती बुडाली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. इथं तुकडे होते म्हणून तर पाणी नीट वाटलं जात होतं.

पाऊस कमी झाला की फडाची खरी परीक्षा. आपल्या सरकारी कालव्यावर अशा वर्षी काय होतं? आवर्तनं, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, कमी होतात, पाणी टेलपर्यंत पोचत नाही, म्हणजे टंचाईचा सगळा भार शेपटावर. फडावर पंच बंधाऱ्यातलं पाणी बघून ठरवायचे की यंदा किती फड भिजवायचे. एखादा फड सोडायचा ठरला तर तो अख्खा कोरडा राहायचा. प्रत्येकाचा तुकडा त्या फडात असल्यामुळे प्रत्येकाचंच थोडं थोडं नुकसान. टंचाई माणसांमधे वाटायची, जागांमधे नाही, हे तत्त्व एकदा जमिनीच्या मांडणीतच बसवून टाकलं की मग दर वर्षी त्यावर भाषण करावं लागत नाही.

पाणी सोडण्याचं काम शेतकऱ्याच्या हातात नव्हतं, हेही महत्त्वाचं. पाटकरी पाटाचं पाणी बघायचा, बारेकरी शेतात पाणी भरायचा, जागल्या पिकांची राखण करायचा आणि या सगळ्यांवर हवालदार. स्वतःचं दारं स्वतः धरायचंच नाही, म्हटल्यावर रात्री उठून शेजाऱ्याचं पाणी वळवण्याचा प्रश्नच निम्मा संपतो. या माणसांची मजुरी शेतकऱ्यांनीच द्यायची, सरकारनं नाही. त्यामुळे त्यांची निष्ठा कुणाशी हेही स्पष्ट. पाटातला गाळ काढायचं काम हंगामापूर्वी सगळ्यांनी मिळून करायचं.

मग हे मोडलं कसं? बंडाळी झाली नाही, पंच भ्रष्ट निघाले नाहीत. नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, मोसमवरचं हरणबारी त्यांपैकीच. नदीचा जुना प्रवाह बदलला. गावात वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या. विहीर असलेल्या माणसाला पंचांच्या निर्णयासाठी थांबायचं कारण उरलं नाही. त्याला वाटेल ते पीक वाटेल तेव्हा घेता येऊ लागलं. कुणी कुणाशी भांडलं नाही, लोक नुसते एकेक करून गरजेतून मोकळे झाले. काही बंधाऱ्यांवर फड अजून तग धरून आहेत, पण ती मूळची घडी राहिलेली नाही.

बाली: तुडतुड्यांचे उपकार

इंडोनेशियातल्या बाली बेटावर जमिनीची अशी विभागणी नाही. तिथं डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आहेत. एका स्रोतावर भिजणाऱ्या खाचरांच्या मालकांची संघटना म्हणजे सुबक. बेटावर अशा हजाराहून अधिक सुबक आहेत आणि त्यांचा इतिहास हजारेक वर्षांचा. सुबकच्या बैठकीत उच्च कुळातला आणि साधा शेतकरी शेजारी बसतात आणि मत सारखंच मोजलं जातं. बालीतला हिंदू समाज एरवी कुळाचा मान बऱ्यापैकी सांभाळतो, हे लक्षात घेतलं म्हणजे यातलं वेगळेपण कळतं.

ज्या ठिकाणी पाणी खाचरात शिरतं तिथं प्रत्येक शेतकऱ्याचं एक छोटंसं देऊळ असतं. बंधाऱ्यावर त्याहून मोठं, अनेक सुबकांचं मिळून आणखी मोठं, आणि सगळ्यांच्या वर बातूर सरोवराजवळचं देवी दानूचं मंदिर. पेरणी कधी, पाणी कधी, जमीन पडीक कधी ठेवायची हे या मंदिरांच्या सणवारांशी बांधलेलं.

१९७० च्या दशकात हरितक्रांती आली. सरकारनं सांगितलं, लवकर येणारं भाताचं वाण घ्या, खत घ्या आणि जितक्या वेळा लावता येईल तितक्या वेळा भात लावा. मंदिराचं वेळापत्रक हा देवाधर्माचा भाग, त्याचा शेतीशी काय संबंध? काही हंगाम उत्पादन वाढलं. मग तपकिरी तुडतुडे आले, भातावरचा टुंग्रो नावाचा विषाणुरोग आला. फवारण्या वाढल्या, कीड काही हटेना. पाण्यावरूनही गोंधळ उडाला.

स्टीफन लॅन्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा तिथं काम करत होते. त्यांनी जेम्स क्रेमर या पर्यावरणशास्त्रज्ञाबरोबर दोन नद्यांच्या मधल्या १७२ सुबकांचं गणित संगणकावर मांडलं. निघालं ते असं. सगळ्यांनी एकदम भात लावला तर सगळ्यांना पाणी एकदम लागतं, आणि तितकं पाणी नसतं. प्रत्येकानं वेगवेगळ्या वेळी लावला तर पाणी पुरतं, पण किडीला बाराही महिने कुठे ना कुठे हिरवा भात मिळतो. कीड मारायची तर मोठा सलग टापू एकाच वेळी कापून पडीक ठेवावा लागतो, म्हणजे तिला खायला काही उरत नाही. मंदिरांचं वेळापत्रक या दोन टोकांचा बरोबर मध्य साधत होतं: शेजारचे काही सुबक मिळून एका वेळी, पलीकडचे दुसऱ्या वेळी.

इथं आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. वरच्या खाचरवाल्याला पाण्याची ददात नाही, त्यानं खाली पाणी का सोडावं? कारण खालच्याला पाणी मिळालं नाही तर तो उशिरा लावणार. उशिरा लावला की वरचं पीक निघाल्यावरही खाली हिरवा भात उभा राहणार, आणि त्यातली कीड उडून वरच्याच्या पुढच्या पिकावर येणार. पाणी वरून खाली जातं, तुडतुडे मात्र कुठूनही कुठेही उडतात. वरचा पाणी देतो आणि खालचा किडीपासून सुटका देतो. संगणकातल्या सुबकांना ‘शेजाऱ्यांपैकी ज्याचं सगळ्यांत बरं पिकलं त्याचं वेळापत्रक उचला’ एवढाच नियम दिला, तर काही हंगामांत मंदिरांच्या जाळ्यासारखीच घडी आपोआप तयार झाली. म्हणजे कुण्या एका पुजाऱ्यानं बसून हे आखलं असेल, असं मानायची गरज नाही.

पुढे बालीत बऱ्याच ठिकाणी मंदिराच्या वेळापत्रकाला पुन्हा मान मिळाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबकच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मला मात्र त्या प्रकरणातलं सगळ्यांत बोलकं वाटतं ते हे की, ज्याला सरकारी तज्ज्ञ अंधश्रद्धा समजत होते त्यात पीकव्यवस्थापन होतं. पण याचा अर्थ प्रत्येक जुन्या रूढीत विज्ञान दडलंय असा कुणी काढू नये. इथं होतं, कारण हजार वर्षं ती रूढी दर हंगामात पिकाच्या राशीवर तपासली जात होती.

नेपाळमधला सिमेंटचा बंधारा

नेपाळच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले हजारो छोटे कुलो, म्हणजे पाट आहेत. त्यांचे बंधारे दगड, माती आणि झाडाच्या फांद्यांचे. दर पावसाळ्यात वाहून जातात आणि दर वर्षी पुन्हा बांधावे लागतात. हे पाहून कुठल्याही शहाण्या अभियंत्याच्या मनात येईल तेच आलं: इथं पक्का सिमेंटचा बंधारा बांधून देऊ. परदेशी मदत आली, कित्येक ठिकाणी बंधारे पक्के झाले.

ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या नेपाळी सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक पाटांची तुलना केली तेव्हा उलटंच चित्र दिसलं. शेतकऱ्यांच्या कच्च्या पाटांवर शेपटाच्या शेतकऱ्यांना पाणी बरं मिळत होतं. सरकारनं बांधलेल्या पक्क्या पाटांवर हेड आणि टेल यांतली दरी जास्त होती. कारण काय? कच्चा बंधारा दर वर्षी बांधायला माणसं लागतात, खूप लागतात. वरच्या मूठभर शेतकऱ्यांना ते झेपत नाही. खालचे म्हणू शकतात, पाणी देणार असाल तरच आम्ही कुदळ-फावडं घेऊन येतो. बंधारा पक्का झाला आणि खालच्यांच्या हातातलं हे एकमेव नाणं चलनातून गेलं. दरवर्षी वाहून जाणारा बंधारा हा दोष वाटत होता, तोच दोष गावाला एकत्र बांधून ठेवत होता.

याचा अर्थ धरणं बांधू नका, असा होत नाही. दरवर्षी पावसानंतर थंड पाण्यात उभं राहून दगड रचणाऱ्या माणसाला सिमेंट नको असं सांगायचा अधिकार मला तरी नाही. पण काँक्रीटबरोबर करारही नव्यानं लिहावा लागतो, आणि तो बहुधा कुणी लिहीत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर तो लिहिला गेला. दिंडोरी तालुक्यातलं हे धरण, पण कालव्याच्या शेपटाकडच्या ओझर भागात पाणी पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं १९९० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, आणि त्या मुद्दाम टेलला आधी काढल्या. पाणी एकरावर न घेता मोजून, घनमापनानं घ्यायचं. संस्थेला तिच्या वाट्याचं पाणी दारात मोजून मिळणार, मग आत ते कसं वाटायचं हे तिचं तिनं बघायचं. वाचवलेलं पाणी स्वतःचंच राहणार असेल तर माणूस ते वाचवतो. पुढे सगळ्या प्रकल्पावर मिळून २४ संस्था झाल्या. २००५ मध्ये राज्यानं पाणी वापर संस्थांचा कायदा केला तेव्हा वाघाडचं उदाहरण जो तो देत होता. कायद्यानंतर कागदावर हजारो संस्था उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक कागदावरच राहिल्या, हेही खरं.

लक्ष कोण ठेवणार?

गरज असली तरी मोह सुटत नाही. म्हणून राखण हवी, आणि राखणीचा खर्च परवडायला हवा. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराभोवतीच्या बागायतीत तुरिया नदीचे आठ पाट आहेत. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या एका दारासमोर काळे डगले घातलेले आठ शेतकरी अर्धवर्तुळात खुर्च्या टाकून बसतात. प्रत्येक जण एकेका पाटाचा निवडून आलेला प्रतिनिधी. चोपदार एकेका पाटाचं नाव पुकारून विचारतो, कुणावर तक्रार आहे का? असली तर तिथंच उभ्या उभ्या सुनावणी. वकील नाही, कज्जेदलाली नाही, सगळं तोंडी आणि तिथल्या स्थानिक भाषेत. निकालावर अपील नाही. परंपरा सांगते की ही पद्धत दहाव्या शतकातली, मुस्लिम राजवटीतली. १२३८ मध्ये ख्रिस्ती राजानं शहर जिंकलं आणि पाण्याच्या व्यवस्थेला हात लावला नाही. बऱ्याच गुरुवारी एकही तक्रार नसते आणि दहा मिनिटांत सगळे उठतात. भोवती पर्यटकच जास्त.

त्यांचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. नदीच्या डाव्या काठच्या शेतकऱ्यावर आरोप असेल तर निकाल उजव्या काठचे पंच सुचवतात, आणि उजव्याचा असेल तर डावे. आरोपीच्या स्वतःच्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी ओळखलं होतं की भाऊबंद न्याय देत नाहीत, एकतर पाठीशी घालतात नाहीतर उट्टं काढतात.

पण रोजची राखण न्यायालय करत नाही. ती पाणी घेण्याची पाळी करते. ज्याची पाळी संपत आली त्याला आणखी दहा मिनिटं पाणी हवं असतं, ज्याची सुरू होणार त्याला दहा मिनिटं आधी. त्यामुळे दोघंही त्या क्षणी दाऱ्यावर हजर असतात आणि एकमेकांना चोरी करू देत नाहीत. पहारेकऱ्याला वेगळा पगार नाही. दंडही बहुधा हलके असतात. पहिल्या चुकीला थोडका, पुन्हापुन्हा केल्यास वाढता. पीक वाळायला लागल्यावर एखाद्यानं एकदा पाणी वळवलं तर त्याला उद्ध्वस्त करून गावाचा काही फायदा नसतो, तो उद्या त्याच पाटावर असणार आहे.

नेदरलँड्समध्ये पाणी वाटायचं नसून बाहेर ठेवायचं आहे. समुद्रसपाटीखालच्या जमिनीला बांध, आणि बांधाचा एक तुकडा फुटला की सगळ्यांची शेतं पाण्यात. मध्ययुगात बांधाच्या एकेका तुकड्याची जबाबदारी एकेका जमीनमालकावर असे. ज्याला ती पेलत नाही त्यानं आपलं फावडं बांधात रोवायचं आणि निघून जायचं. जो ते फावडं उपसेल, जमीन त्याची आणि बांधही त्याचा. क्रूर वाटतं, पण तिथं हेड-टेल असा भेदच नव्हता. तेराव्या शतकात तयार झालेली तिथली पाणी-मंडळं आजही आहेत. एकेकाळी हजारोंनी होती, एकत्रीकरण होत होत २१ उरली आहेत. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा.

यात संस्कृती कुठे आली?

काही समाज मुळातच एकजुटीचे आणि काही मुळातच भांडखोर, असं आपण सर्रास म्हणतो. मराठी माणूस एकमेकांचे पाय ओढतो, ही त्यातलीच एक लाडकी समजूत. हे मोजता येईल का? २००८ मध्ये बेनेडिक्ट हेरमान, क्रिस्तियान थ्योनी आणि सिमोन गेश्टर या संशोधकांनी १६ शहरांमधल्या विद्यार्थ्यांना एक खेळ खेळायला लावला. चौघांचा गट, प्रत्येकाला २० टोकन. सामाईक खात्यात एक टोकन टाकलं की चौघांनाही ०.४ मिळतात. सगळ्यांनी टाकलं तर सगळ्यांचा फायदा. पण आपण न टाकता इतरांचं खाल्लं तर आपला फायदा त्याहून जास्त. शिवाय थोडं स्वतःचं खर्चून दुसऱ्याला दंड करायची सोय.

बॉस्टन, मेलबर्न, कोपनहेगन इथं दंड बहुतेक फुकट्यांना झाला आणि गट सुधारले. अथेन्स, रियाध, मस्कत इथं बराच दंड चक्क भरपूर टाकणाऱ्यांनाच झाला. मोठा शहाणा लागून गेलाय, असं म्हणून. हे वाचून गंमत वाटते आणि निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी मात्र जरा थांबतो, कारण मस्कत ही ओमानची राजधानी. त्याच ओमानमध्ये डोंगरातून वाहत येणाऱ्या भूमिगत आणि उघड्या पाटांची, म्हणजे फलजांची, व्यवस्था शतकानुशतकं चालू आहे. सुमारे ३,००० फलज आजही वाहते आहेत. पाणी वेळेनं वाटतात, परंपरेनं दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांवर. प्रयोगशाळेत एकमेकांना दंड करणाऱ्या मुलांच्याच देशातलं हे काम. फरक इतकाच की प्रयोगातली मुलं पडद्याआड होती, समोरचा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं आणि खेळ संपला की संबंध संपला. फलजवर समोरच्याचं नाव, बाप आणि खजुराची झाडं सगळ्यांना ठाऊक असतात, आणि उद्याची पाळीही आहेच.

तेव्हा संस्कृतीचा भाग असतो, पण माझ्या मते तो ‘लोक एकत्र येतात की नाही’ यापेक्षा ‘शेवटचा शब्द कुणाचा’ यात जास्त दिसतो. बालीत तो देवीचा, व्हॅलेन्सियात काळ्या डगल्यातल्या शेतकऱ्यांचा, खानदेशात पंचांचा. लोक ज्याच्यासमोर मान खाली घालतात, त्याच्या तोंडून नियम यावा लागतो. बालीचा पुजारी धुळ्यात चालणार नाही.

‘आपण’ म्हणजे कोण?

या सगळ्या व्यवस्थांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते. फडाचा न्याय थळात जमीन असलेल्यांसाठी होता. भूमिहीनाला त्यात मजुरी मिळायची, पाणी नाही. व्हॅलेन्सियाच्या त्या न्यायपीठावर पहिली स्त्री बसली २०११ मध्ये. गोव्यात गावकरीची, म्हणजे पोर्तुगीजांनी ज्याला कोमुनिदाद म्हटलं त्या व्यवस्थेची, परंपरा १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी लेखी नोंदवली तेव्हाही जुनीच होती. खाजन जमिनींचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारजमिनींचे बांध, भरतीला आपोआप बंद आणि ओहोटीला आपोआप उघडणारी लाकडी दारं, म्हणजे मानस, सगळं गाव मिळून सांभाळायचं. पण जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळायचा तो मूळ गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांना. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि नवा पेच पडला: मानशीपाशी मासेमारीच्या लिलावात पैसा भातापेक्षा जास्त. खारं पाणी आत राहू दिलं की मासळी वाढते, आणि भाताचं शेत मरतं. ज्याच्या हातात मानस, त्यालाच भाताची गरज उरली नाही. नेपाळचीच कथा, फक्त मिठाच्या पाण्यात.

‘आपण’ची व्याख्याच बदलायचा सरळ प्रयत्न केला विलासराव साळुंखे यांनी. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून त्यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही, तो पंचायतीकडे परत. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी आधी उभा करायचा. वीस एकरवाल्याला हे पटायला जड होतं, आणि म्हणूनच हा विचार महाराष्ट्रभर पसरला नाही. पण ज्या उपसा योजनांवर तो टिकला, तिथं पाण्यावरचं मूळ भांडणच वेगळ्या पायावर गेलं.

आता कालव्याहून अवघड गोष्ट उरते, ती बोअरची. कालव्यावर निदान दिसतं तरी की वरच्यानं घेतलं. जमिनीखालच्या पाण्याला हेड नाही, टेल नाही. शेजाऱ्यानं ४०० फूट मारला की मी ६०० फूट मारतो, आणि आमच्यात एक शब्दही होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं, पोपटराव पवार सरपंच असताना, यावर गावापुरता तोडगा काढला. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती ठेवायचं, उरलेल्यात कोणतं पीक किती. फडाचे पंच बंधाऱ्यात डोकावून जे ठरवायचे ते इथं पर्जन्यमापक आणि विहिरींच्या पातळ्या बघून ठरतं. फक्त बंधाऱ्याला काठ होते. खडकातलं पाणी ग्रामपंचायतीची हद्द ओळखत नाही, आणि हद्दीपलीकडच्या गावाची ग्रामसभा वेगळी आहे.